निवृत्तीचे 1 कोटी 20 लाख किती वर्षं पुरतील? ठाण्यातल्या एका घराचा पूर्ण हिशोब

प्रश्न थोडक्यात असा आहे. पाचपाखाडीत स्वतःचं घर, कर्ज नाही. ठाणे-बेलापूर रोडवरच्या खासगी कंपनीतून 60 व्या वर्षी निवृत्ती. पीएफ, ग्रॅच्युइटी आणि जुन्या एफडी मिळून 1 कोटी 20 लाख. ईपीएसची, म्हणजे पीएफ कार्यालयाकडून मिळणारी, पेन्शन महिना 6 हजार. पत्नी 56 वर्षांची, गृहिणी. घरखर्च 55 हजार. बँकवाले म्हणतात सगळं एफडीत ठेवा, विमा एजंट म्हणतो ॲन्युइटी घ्या (एकरकमी पैसे देऊन आयुष्यभर ठरलेला हप्ता), भाचा म्हणतो म्युच्युअल फंडात टाकून एसडब्ल्यूपी लावा (दरमहा ठरावीक रकमेची युनिट्स विकून पैसे काढणं). मुलगा घोडबंदरला फ्लॅट घेतोय, त्याला 20 लाख द्यावेत का, हेही ठरत नाही. आणि या सगळ्याच्या मुळाशी एकच धास्ती: पैसे आधी संपले आणि आपण मागे उरलो तर?

आधी ही धास्ती आकड्यांत मांडू. सगळे पैसे एफडीत ठेवले, सरासरी 7 टक्के मिळाले आणि महागाई 6 टक्के राहिली असं धरा. पहिल्या वर्षाचा खर्च 6 लाख 60 हजार. त्यातले 72 हजार पेन्शनमधून येतात, म्हणजे ठेवींतून 5 लाख 88 हजार लागतात. व्याज जवळपास आठ लाख. वर्षाखेरीस शिल्लक 1 कोटी 22 लाख, म्हणजे खर्च करूनही वाढलेली. सहाव्या वर्षाच्या शेवटी ती 1 कोटी 27 लाख 50 हजारांच्या घरात जाते. अकरा वर्षं झाल्यावरही 1 कोटी 19 लाख दिसतात. कुणालाही वाटेल, बसलंय गणित.

पण अकराव्या वर्षी त्याच घराचा खर्च वर्षाला जवळपास 11 लाख 80 हजार झालेला असतो आणि पेन्शन तिथेच 6 हजारांवर असते, कारण ईपीएसच्या पेन्शनला महागाईभत्ता नाही. तिथून घसरण वेग घेते. पंधरा वर्षांनी 94 लाख, अठरा वर्षांनी 60 लाख, एकविसाव्या वर्षाच्या शेवटी 8 लाख. बाविसाव्या वर्षी चार-साडेचार महिन्यांत सगळं संपतं. तेव्हा तुम्ही 82 व्या वर्षात असाल, पत्नी 78 व्या वर्षात.

म्हणून पासबुकातल्या शिलकेवर भरवसा ठेवू नका. पहिली दहा-अकरा वर्षं ती काहीच बोलत नाही, आणि ती बोलायला लागते तेव्हा हातात फारसं उरलेलं नसतं. हे गणित कुणालाही साध्या एक्सेलमध्ये मांडता येतं: वर्षाच्या सुरुवातीला खर्च वजा करा, उरलेल्यावर 7 टक्के चढवा, पुढच्या वर्षी खर्च 6 टक्क्यांनी वाढवा. एकदा स्वतःच्या हाताने करून पाहाच.

दुसरी गोष्ट, नियोजन तुमच्या वयाने करू नका, पत्नीच्या वयाने करा. ती चार वर्षांनी लहान आहे आणि बायका सरासरीने जास्त जगतात. ती 90 ची होईपर्यंत, म्हणजे 34 वर्षं, पैसा पुरवायचा आहे. आणि तुमच्या पश्चात ईपीएसची 6 हजारांची पेन्शन तिला निम्मी मिळेल, 3 हजार.

आता खर्चाचे दोन भाग करा. किराणा, वीज, गॅस, औषधं, मेंटेनन्स, फोन, मेडिक्लेमचा हप्ता, मोलकरीण हा चुकवता न येणारा खर्च. तुमच्या 55 पैकी तो साधारण 38 हजार निघेल. उरलेले 17 हजार म्हणजे प्रवास, लग्नकार्य, हॉटेल, नातवंडांची कौतुकं. पहिल्या भागासाठी असं उत्पन्न हवं जे शेअर बाजार पडला तरी हलणार नाही. दुसऱ्या भागात चढउतार चालतात.

पक्क्या भागासाठी पहिलं काम ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 30 लाख. 2025-26 मध्ये दर 8.2 टक्के आहे, आणि खातं उघडताना जो दर असेल तो पाच वर्षं तुमच्यासाठी बांधला जातो. व्याज तिमाहीला 61,500, म्हणजे महिना 20,500. ते 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर आणि 1 जानेवारीला जमा होतं. उचललं नाही तर त्यावर व्याज चढत नाही, म्हणून ते थेट बचत खात्यात वळतं करून घ्या. खातं पोस्टात उघडता येतं, अधिकृत बँकेतही. पाच वर्षांनी तीन-तीन वर्षांनी वाढवता येतं. मोडायची वेळ आली तर एक ते दोन वर्षांत दीड टक्का आणि त्यानंतर एक टक्का मुद्दलातून कापला जातो. वर्षाच्या आत मोडलं तर व्याजच मिळत नाही. खातं पत्नीसोबत संयुक्त उघडा. मर्यादा पहिल्या नावाच्या खात्यावरच धरली जाते, पण पुढे तिला धावपळ कमी पडते.

त्यानंतर पोस्टाची मासिक उत्पन्न योजना. संयुक्त खात्यात 15 लाखांपर्यंत ठेवता येतात, दर 7.4 टक्के, महिना 9,250. इथे वयाची अट नसल्यामुळे 56 वर्षांच्या पत्नीचं नाव सहज लागतं.

पेन्शन 6,000, त्यात 20,500 आणि 9,250. झाले 35,750. चुकवता न येणारा खर्च जवळजवळ भागला आणि बाजाराशी अजून संबंधही आला नाही.

तिसरा ऐवज म्हणजे रिझर्व्ह बँकेचे फ्लोटिंग रेट बचत रोखे, 15 लाख. मुदत सात वर्षं. दर राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रापेक्षा 0.35 टक्के जास्त, म्हणजे 2025-26 मध्ये 8.05, आणि तो दर सहा महिन्यांनी बदलू शकतो. व्याज 1 जानेवारीला आणि 1 जुलैला, प्रत्येकी सुमारे 60 हजार. महिन्याच्या खर्चाला याचा उपयोग नाही. पण मेडिक्लेमचा वार्षिक हप्ता, महापालिकेचा मालमत्ता कर, गणपती-दिवाळी, गाडीचा विमा अशा ठोक खर्चाला ते नेमके उपयोगी पडतात. साठी ओलांडलेल्यांना सहा वर्षांनी, सत्तरीनंतर पाच आणि ऐंशीनंतर चार वर्षांनी मुदतपूर्व मोडता येतात. त्याआधी नाही, म्हणून यात गरजेपेक्षा जास्त अडकवू नका.

हे सगळे सरकारी दर कायमचे नाहीत, हे मात्र ध्यानात असू द्या. ज्येष्ठ नागरिक योजनेचा दर 2015-16 मध्ये 9.3 टक्के होता आणि 2020 मध्ये 7.4 वर आला होता. पाच वर्षांनी तुमच्या खात्याची मुदत वाढवताना कोणता दर मिळेल ते आज कुणीही सांगू शकत नाही. म्हणून सगळी रक्कम एकाच महिन्यात, एकाच मुदतीत गुंतवणं टाळा.

आता उरले 60 लाख. त्यातले 10 लाख दवाखान्यासाठी आणि अडीअडचणीसाठी, दोन वेगवेगळ्या बँकांत पाच-पाच लाख. कारण ठेव विम्याचं संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून 5 लाखांपर्यंतच असतं. ठाण्यात आणि नवी मुंबईत अर्धा-पाव टक्का जास्त मिळतो म्हणून निवृत्तीचा सगळा पैसा एकाच सहकारी बँकेत ठेवणारी घरं आजही पुष्कळ आहेत. 2019 मध्ये पीएमसी बँकेवर आणि फेब्रुवारी 2025 मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा अशा घरांचा महिन्याचा खर्च एका रात्रीत अडला. पुढे दोन्ही बँकांचं विलीनीकरण झालं, पण औषधवाला तोवर थांबत नाही. पतसंस्थेतल्या ठेवींना तर हा विमाच लागू नाही. तिथे चेअरमन शेजारचे असले तरी मोठी रक्कम ठेवू नका. आणि आठवड्याला किंवा महिन्याला टक्केवारी वाटणाऱ्या दागिन्यांच्या नाहीतर ट्रेडिंगच्या दुकानांबद्दल लिहायलाच नको.

आणखी 10 लाख एक ते पाच वर्षांच्या एफडींच्या शिडीत, प्रत्येकी दोन लाख. दरवर्षी एक मोडेल. याचं काम असं: पेन्शन, दोन्ही योजना आणि रोखे मिळून वर्षाला साधारण साडेपाच लाख येतात. तुमचा खर्च 6 लाख 60 हजार. पहिल्या वर्षी 1 लाख 10 हजारांची तूट, दुसऱ्या वर्षी दीड लाख, पाचव्या वर्षी 2 लाख 80 हजार. पाच वर्षांची तूट मिळून 9 लाख 70 हजार होते. म्हणजे ही शिडी पाच वर्षं, व्याज धरलं तर थोडी जास्तच, सगळी तूट भरून काढते.

तेवढी वर्षं उरलेल्या 40 लाखांना हात लावायची गरज पडत नाही, आणि म्हणूनच ते शेअर बाजारात ठेवता येतात. निम्मे निफ्टी 50 इंडेक्स फंडात (50 मोठ्या कंपन्यांचे शेअर्स ठरलेल्या प्रमाणात घेणारा) आणि निम्मे बॅलन्स्ड ॲडव्हांटेज प्रकारच्या फंडात (शेअर्स आणि रोखे यांचं प्रमाण बदलत ठेवणारा), नफा फंडातच ठेवणारा ग्रोथ पर्याय, आणि एकदम न टाकता दीड-दोन वर्षांत हप्त्याहप्त्याने. डिव्हिडंडचा पर्याय घेऊ नका. तो तुमच्याच पैशातून निघतो आणि त्यावर कर वेगळा.

भाच्याच्या सल्ल्यात काय खटकतं तेही इथेच सांगतो. एसडब्ल्यूपी वाईट नाही. सुरुवातीलाच बाजार पडला तर ती घात करते. सेन्सेक्स जानेवारी 2008 मध्ये 21 हजारांच्या आसपास होता आणि त्याच ऑक्टोबरात 9 हजारांच्या खाली गेला. 1 कोटी इक्विटीत टाकून महिना 50 हजार काढणाऱ्याचं निम्मं भांडवल उडालं, तर वर्षाचे 6 लाख हे 50 लाखांचे 12 टक्के होतात. बाजार पुढे सावरतो, पण विकून टाकलेली युनिट्स परत येत नाहीत. पहिल्या पाच-सात वर्षांत असं होणं आणि पंधराव्या वर्षी होणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, सरासरी परतावा दोन्हीकडे सारखाच असला तरी. वरची शिडी त्या पहिल्या वर्षांसाठीच आहे.

ॲन्युइटीबद्दल. आयुष्यभर हप्ता देणारी आणि तुमच्यानंतर पत्नीला चालू राहणारी दुसरी सोय बाजारात नाही, हे खरं. पण मुद्दल परत देणाऱ्या पर्यायात साठीला दर साधारण साडेसहा टक्क्यांच्या आसपास पडतो आणि तो गोठलेला असतो. आजचे 10 हजार 6 टक्के महागाईत वीस वर्षांनी 3,100 रुपयांच्या मोलाचे उरतात. म्हणून साठीला सगळे पैसे त्यात घालू नका. सत्तरीनंतर, फंडांतले पैसे वाढलेले असतील तेव्हा, 20 ते 25 लाखांची दोघांच्या नावावरची ॲन्युइटी घ्या. वय वाढलं की दर वाढतो, आणि मुद्दल परत न देणाऱ्या पर्यायात आणखी वाढतो. मुलांसाठी मुद्दल ठेवायचा मोह तिथे आवरा. त्यांच्यासाठी घर आहेच. एजंट मुद्दल परतीचा पर्याय पुढे करतो, कारण तो ऐकायला गोड लागतो.

कर इथे फार त्रास देणार नाही. 2025-26 च्या नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो, आणि तुमचं व्याज व पेन्शन मिळून त्याच्या बरंच खाली आहे. इक्विटीतला दीर्घकालीन नफा त्या सवलतीत धरला जात नाही. तिथे वर्षाला 1 लाख 25 हजारांच्या वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के लागतात, म्हणून युनिट्स विकताना एक भाग मार्चमध्ये आणि एक एप्रिलमध्ये विका. टीडीएस, म्हणजे व्याजातून आधीच कापला जाणारा कर, कापला जाऊ नये म्हणून कर लागत नसल्याचा जाहीरनामा (2025-26 पर्यंत 15एच) प्रत्येक बँकेत आणि पोस्टात एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात द्या. एका ठिकाणी दिला म्हणजे सगळीकडे पोचला असं होत नाही. पत्नी साठीची झाली की तिच्या नावावर ज्येष्ठ नागरिक योजनेचं वेगळं खातं उघडता येईल. पैसे तुमचे असल्याने त्यावरचं व्याज तुमच्याच उत्पन्नात धरलं जाईल, एवढं विवरणपत्र भरताना लक्षात ठेवा.

रोजच्या वापराची सोय अशी करा. सगळं व्याज एका खात्यात जमा होऊ दे. तिथून दर महिन्याच्या एक तारखेला ठरावीक रक्कम दुसऱ्या, घरखर्चाच्या खात्यात आपोआप जाऊ दे. नोकरीत पगार जसा यायचा तसा. एटीएम कार्ड आणि यूपीआय फक्त या दुसऱ्या खात्याला. फोनवरून पोलीस असल्याचं भासवणारा कुणी गाठलाच तर नुकसान एका महिन्याच्या खर्चापुरतं राहतं.

आता तुमच्या भागातला एक खर्च, जो सल्लागारांच्या तक्त्यात नसतो: रिडेव्हलपमेंट. नौपाडा, पाचपाखाडी, चरई, तिकडे वाशी, नेरूळ, जुन्या चारमजली इमारती एकामागून एक पडताहेत. मोठा फ्लॅट मिळतो, लिफ्ट मिळते, आणि दीड-दोन हजारांचा मेंटेनन्स सात-आठ हजारांवर जातो. तुमचा 38 हजारांचा हिशोब एका झटक्यात 44 होतो. सोसायटीच्या बैठकीत कार्पेट एरियावर तासन्‌तास भांडण होतं, मेंटेनन्सवर कुणी बोलत नाही. बिल्डरकडून मिळणारा कॉर्पस, म्हणजे एकरकमी पैसे, फर्निचरमध्ये घालू नका. तो वेगळ्या ठेवीत ठेवून त्याच्या व्याजातून वाढीव मेंटेनन्स भरा. बांधकाम रखडलं की भाड्याचे धनादेश थांबतात, म्हणून करार होताच वर्षभराच्या भाड्याएवढी रक्कम बाजूला हवी.

दवाखान्यासाठी मेडिक्लेम कंपनीचा होता तर तो नोकरीबरोबर गेला. पॉलिसी घेण्यासाठीची 65 वर्षांची जुनी वयोमर्यादा 2024 मध्ये निघाली, तरी साठीलाच दोघांसाठी घ्या. आधीच्या आजारांचा प्रतीक्षाकाळ जितक्या लवकर सुरू होईल तितका बरा. सत्तरी पूर्ण झाली की आयुष्मान भारतचं 5 लाखांचं संरक्षण उत्पन्नाची अट न लावता मिळतं. कार्ड काढून ठेवा, पण तुमचं नेहमीचं रुग्णालय त्या यादीत आहे का हे आधी विचारा.

एवढं करून 34 वर्षं निघतात का? सगळ्या भागांचा मिळून सरासरी परतावा साडेआठ टक्के पडला, जो पक्का नाही पण अवास्तवही नाही, तर 55 हजारांच्या खर्चाला पैसे सुमारे 25 वर्षं पुरतात. खर्च आजच 50 हजारांवर आणला तर 29 वर्षं. महिना पाच हजारांनी जवळपास चार वर्षं वाढतात. परतावा वाढवण्याच्या मागे लागण्यापेक्षा हा मार्ग सोपा आणि तुमच्या हातातला आहे. कपात 17 हजारांच्या भागात करा. दूध आणि औषधं मोजत बसू नका.

पुढची वर्षं घर भरून काढतं. रिव्हर्स मॉर्गेज आपल्याकडे 2007 पासून आहे: साठीवरचे घरमालक घर गहाण ठेवून बँकेकडून वीस वर्षांपर्यंत दरमहा रक्कम घेऊ शकतात, दोघांपैकी शेवटचा असेपर्यंत घरात राहतात, आणि ती रक्कम करमुक्त असते. बँका उत्साहाने देत नाहीत. कागद स्वच्छ लागतात आणि इमारतीचं उरलेलं आयुष्यही पाहिलं जातं. म्हणून सोसायटीचं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर होणं, झालं नसेल तर आत्ताच पाठपुरावा करा, पंचाहत्तरीत ते होत नाही. दुसरा मार्ग मोठं घर विकून लहान घेण्याचा. नवी मुंबईत घर सिडकोच्या भाडेपट्ट्यावर असेल तर विकताना सिडकोचं हस्तांतर शुल्क धरा.

दर एप्रिलला एकच भागाकार करा: यंदा साठ्यातून, व्याज धरून, लागणारी रक्कम भागिले एकूण साठा. आज तुमचा आकडा 4.9 टक्के येतो आणि पत्नीचं वय पाहता तो थोडा जास्तच आहे. 50 हजारांच्या खर्चाला तो 4.4 होतो. सत्तरीपर्यंत साडेचारच्या आत, पंचाहत्तरीला साडेपाच, ऐंशीनंतर सात-आठ चालेल. आकडा वर गेला तर त्या वर्षी हौसेच्या खर्चाची वाढ थांबवा. फंडांची किंमत मागच्या एप्रिलपेक्षा वर असेल तर एका वर्षाच्या तुटीएवढी युनिट्स विकून शिडीत नवी पायरी घाला. खाली असेल तर विकू नका.

राहिले मुलाचे 20 लाख. सुरुवातीलाच ते दिले तर 50 हजारांच्या खर्चातही 29 वर्षांची 23 होतात, म्हणजे पत्नी 79 ची असताना साठा संपतो. 5 लाख दिले तर दीड वर्ष कमी होतं. तेवढे द्या, एफडीच्या शिडीतून न देता फंडांसाठी ठेवलेल्या 40 लाखांतून द्या, आणि बाकीचं कर्ज मुलाला काढू दे. त्याच्यापुढे पगाराची पंचवीस वर्षं आहेत आणि गृहकर्ज कोणतीही बँक देते. 78 व्या वर्षी घरखर्चाला कर्ज देणारी बँक नाही, हे त्याच्यासमोर वरचा हिशोब ठेवूनच सांगा.